बिबट्याची बाजू

घणसोली गावातल्या आमच्या मटणवाल्याकडे रविवारी रांग लागली की वाद ठरलेला: वाघ भारी की सिंह? ओंडक्यावर सुरा मारत, मान वर न करता तो निकाल देतो, "बिबट्या. आपल्याहून जड जनावर तोंडात धरून झाडावर चडतो. वाघाला सांगा चडायला." दर वाक्यामागे सुऱ्याचा एक घाव. जास्त हुज्जत घालणाऱ्याचं मटण तो मुद्दाम शेवटी तोलतो.

गेल्या रविवारी त्याचा गाळामालक पिशवीत रानससा घेऊन आला. डोंगराकडे जाऊन बंदुकीने मारलेला. कान धरून काढलेला फोटो त्याने मोबाइलवर रांगेतल्या सगळ्यांना दाखवला आणि पिशवी पुढे केली. "साफ करून दे."

"नाय करनार."

"रोज बकरे कापतोस नि मला शिकवतोस?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. त्याने सुरा खाली ठेवला. बोलताना तो हात थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"कापतो. लोकांना खायाला लागतं म्हनून कापतो. मर्दानगी दाखवायला नाय कापत."

"गाळा कोनाचा हाय, इसरलास?"

"गाळा तुमचा हाय, शेठ. सुरा माजा हाय."

पुढे केलेली पिशवी मालकाकडे परत ढकलून त्याने रांगेकडे बघितलं. "चला, पुढे कोन?"

रांगेतले आम्ही बहुतेक त्याच मालकाच्या खोल्यांतले भाडेकरू. मालक एकेकाचा चेहरा बघत उभा होता. कोणी हलेना.

मी पुढे झालो. "अर्धा किलो," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.