ताम्रभस्माचे चार महिने

“कार्सिनोमा,” नगरचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे कॅन्सर. माझ्या डाव्या स्तनातल्या गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी त्यांनी काचपट्टीवर पाहिल्या होत्या. “गाठ लहान आहे, काखेत काही लागत नाही. आठ दिवसांत मॅस्टेक्टॉमी करून घ्या.” म्हणजे अख्खा स्तन काढायचा. माझे मिस्टर मटकन खुर्चीत बसले. मला त्यांचाच राग आला. गाठ माझी होती.

आम्ही बेलापूरचे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. सासऱ्यांनी छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात अंगारे, नवस, भगत यांना थारा नाही. याचा मला अभिमान आहे. पण आम्ही जिथे फसलो, ते या अभिमानापायीच.

धाकटे दीर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. घरात त्यांचा शब्द शेवटचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी कर्जतकडच्या एका वैद्याचं ताम्रभस्म आणलं. तांबं पुन्हा पुन्हा भट्टीत जाळून केलेली काळी पूड. नुसती आणून दिली असती तर मी फेकली असती. भाऊजींनी ती माझ्यासमोर तपासली. वाटीभर पाण्यावर चिमूट टाकली, ती तरंगली. दोन बोटांत चोळली, ती बोटांच्या रेषांत जाऊन बसली. थोडी दह्यात घालून ठेवली. कच्चं तांबं राहिलं असेल तर दही हिरवं पडतं. दुसऱ्या दिवशी दही हिरवं नव्हतं.

“वहिनी, ह्ये बघा. तांबं न्हाई राहिलं, ऑक्साइड झालंय. लई बारीक कन हायेत. पेशीत शिरून कॅन्सर मारतात. काचेच्या बशीत लोकांनी करून बघितलंय. मग कापाकापी कशाला?”

पुडीची परीक्षा झाली, पुडी पास झाली. तिने कुणाची गाठ गेली का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. खरं सांगते, मला छाती वाचवायची होती. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हालाही तेच वाटेल, म्हणून हे लिहितेय.

रोज सकाळी मधातून चाटण. आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. तोंडाला सतत कळकलेल्या ताकासारखी चव. वर्गात फळ्यावर पाढे लिहिता लिहिता खडू टाकून मोरीकडे पळायचं. वैद्याला विचारायला गेलो, तर तो सुपारी कातरत म्हणाला, “उलटी व्हती म्हंजी इख बाहीर पडतंय, बाई. औषद लागू पडलं.” मिस्टरांनी मान डोलावली. मला त्या माणसाच्या हातातला अडकित्ता हिसकावून घ्यावासा वाटला. घेतला नाही, पुढच्या पुड्या घेऊन आले.

अंघोळीच्या वेळी मी गाठ चाचपायची. ती वाढत होती. भाऊजी म्हणाले, गाठ मरताना सुजते. चौथ्या महिन्यात त्यावरची कातडी आत ओढली गेली आणि काखेत मण्यासारखं काहीतरी हाताला लागलं. त्या दिवशी कुणालाही न सांगता मी एसटीने नगरला गेले.

“चार महिने कुठे होतात?” डॉक्टर ओरडलेच. शिकलेली बाई असून असं, तसं, बरंच बोलले. त्यांचं खरं होतं, तरी त्यांचाही संताप आला. पुढच्या खेपेला भाऊजी सोबत आले आणि तिथेही बशीचं पुराण लावून बसले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “बशीत चांगल्या पेशीही मरतात. मिठाचं घट्ट पाणी ओता, तरी मरतात. तोंडावाटे घेतलेली पूड गाठीपर्यंत पोचते का, आणि वाटेत लिव्हरचं काय करते, हे बशीत दिसत नाही.” भाऊजींना पटलं. मला त्यांचं पटणं नको होतं, माझे चार महिने हवे होते.

आधी केमोथेरपी, म्हणजे शिरेतून कॅन्सरची औषधं, गाठ आकसावी म्हणून. मग ऑपरेशन. काखेतल्या गाठीही काढल्या. मग पुण्याला रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. केस गेले, नखं काळी पडली. डावा हात अजून सुजतो. तीन वर्षं झाली, तपासण्या चांगल्या येतात. आभार मानायचे तर वॉर्डातल्या आयाबाईंचे. माझ्या जखमेच्या नळीची पिशवी रिकामी करताना त्यांनी एकदाही तोंड फिरवलं नाही. भाऊजी म्हणाले, “चुकलं माझं, वहिनी.” मी म्हटलं, “हो.” त्यापुढे आमचं बोलणं झालेलं नाही.

गेल्या महिन्यात राहात्याहून एक जोडपं पत्ता विचारत दारात आलं. नवऱ्याच्या हातात तसलीच पुडी.

“वैद्यबुवा म्हनले, बेलापूरच्या बाई आमच्याच भस्मानं बऱ्या झाल्या, जाऊन बघा. म्हून आलो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो माझ्या जिवावर पुड्या विकत होता. मी त्या बाईला आतल्या खोलीत नेलं, कडी लावली, पदर काढला, ब्लाउजची बटणं सोडली. ती काखेपर्यंतच्या व्रणाकडे बघत राहिली.

“भस्मानं न्हाई का बऱ्या झाल्या?”

“ऑपरेशनने झाले. भस्मापायी हे काखेपर्यंत गेलं. तुमची केवढी आहे?”

“हरबऱ्याएवढी.”

बाहेर येऊन मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, “दुपारची नगरची गाडी आहे.”

“आज कसं जमंल? उद्या बघू की.”

मी शाळेत रजेचा निरोप धाडला आणि चपला घातल्या.