दवाखान्यातल्या बाई आणि न उघडणारी फाइल

"आधी वाच, मग घाबर," असं म्हणत आमच्या कारखान्याच्या दवाखान्यातल्या बाई चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि कॉम्प्युटरवर आलेली सूचना बोट ठेवून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायच्या. आम्ही बाकीचे ती दिसली रे दिसली की ओके दाबून मोकळे. तुम्हीही तेच करत असणार.

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्या कामगारांच्या तपासणीच्या नोंदी ठेवायच्या. इंदापूरहून एसटीने यायच्या. होत्या कंत्राटावर, पण कुणाचीही फाइल अडली की हाक त्यांनाच. मी स्टोअरला होतो. एकदा जुन्या एक्सेल फाइलच्या नावामागच्या 'एक्सएलएस'ला मी शेवटी आणखी एक 'एक्स' चिकटवला. वाटलं, झाली नवी! फाइल उघडेचना. बाई कडाडल्या, "पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलतो व्हय रं?" त्यांनी एक्स खोडला, फाइल उघडली आणि नवीन पद्धतीने सेव्ह करून दिली.

दत्तू आमच्याकडे वीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर. त्या दणदणाटात डावा कान गेला, उजवाही चालला होता. तेवढा तरी वाचावा म्हणून त्याने पॅकिंगला बदली मागितली. साहेब म्हणाले, "आलास तेव्हाच तुला कमी ऐकू येत असणार." आता भरतीच्या वेळी कान तपासलेले होते. ती नोंद काढा म्हटलं, तर ऑफिसातून उत्तर आलं, "फाइल फार जुनी आहे, उघडत नाही."

मला आजही संताप येतो. साहेबांच्या केबिनचं कुलूप अडकलं तर दहा मिनिटांत माणूस हजर. इथे एका माणसाचा कान चाललाय, आणि फाइल उघडत नाही म्हणे!

"उघडत न्हाय, का उघडायची न्हाय?" बाईंनी साहेबांना तोंडावर विचारलं.

कारखान्यातलं नवं एक्सेल इतक्या जुन्या फाइलला हात लावू देत नव्हतं. बाईंनी घरचा लॅपटॉप आणला, त्यात फुकट मिळणारं दुसरं सॉफ्टवेअर होतं. फाइल उघडली, पण नावं जुन्या मराठी फॉन्टमधली, सगळी नुसती वेडीवाकडी चिन्हं. "आकडं तर शाबूत हायेत की," म्हणत त्यांनी हजेरीच्या तिकीट नंबरावरून दत्तू शोधला. भरतीच्या वेळी दोन्ही कान ठणठणीत. कुठूनसा तो जुना फॉन्ट मिळवून त्यांनी त्याचं नावही वाचता येईलसं केलं आणि छापील कागद त्याच्या हातात ठेवला.

दत्तू पॅकिंगला गेला. बाईंना पत्र आलं: कारखान्याची माहिती खासगी लॅपटॉपवर घेतली, सबब उद्यापासून येऊ नये. हा नियम मात्र बरोबर सापडला!

त्या दुपारी आम्ही गेटसमोरच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. दत्तू बाईंची पिशवी धरून त्यांना सोडायला गेटपर्यंत आला. आपला आवाज किती चढतो हे त्याला कळत नसे. "बाई," तो ओरडला, "तुमच्यामुळं माजा कान राह्यला! आता तुमच्यासाठी कोन बोलनार?"

आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. ताटावरून एकही जण उठला नाही. मीसुद्धा.