होडीत उभं राहायचं नाही!

मी हत्तीसमोर तोंड मिटून उभी होते, यावर वॉटफर्डमध्ये एकाही माणसाचा विश्वास बसलेला नाही. हत्ती आला होता, यावर बसतो. मी आफ्रिकेत तंबूत राहिले, अरुंद होडीतून दलदलीत हिंडले, हेही लोकांना चालतं. पण "मंदा गप्प होती" म्हटलं की चहाचा कप खाली ठेवून हसतात! मेल्यांनो, मी शाळेच्या किचनमध्ये पोरांना जेवण वाढते. तिथे ओरडल्याशिवाय कुणी गाजर खात नाही, म्हणून ओरडते. याचा अर्थ मला गप्प बसताच येत नाही असा नाही.

त्या एका सफरीचे किस्से आता इतके साठलेत, की कुणाकडे नुसता रिकामा डबा परत द्यायला गेले तरी दारातच "तो कुकरचा सांग ना" सुरू होतं. मी चौथी पास बाई, लिहायची सवय नाही. पण आमची सुषमा म्हणाली, "मंदाताई, लिहूनच टाका. नाहीतर लोक त्यात वाघ घालतील!"

आफ्रिकेत वाघ नसतो. तेवढं मलाही कळतं.

*

सगळं सुरू झालं विजयाताईंच्या किचनमध्ये. ताई आमच्यात सगळ्यात मोठ्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकट्याच असतात. लेक केतकी ब्रिस्टलला, विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात हेल्थ अँड सेफ्टी बघते. तिचं एकच टुमणं, मम्मीने वॉटफर्डचं घर विकायचं आणि ब्रिस्टलला तिच्या मागच्या खोलीत राहायला यायचं. ताईंना मुलगी हवी, पण मागची खोली नको. "तिथे मी पाहुणी होईन गं, कायमची," म्हणायच्या.

त्यात ताईंनी ही होडीची सफारी काढली. केतकी फोनवर किंचाळली, "मम्मी, तू जिन्यावरून पडशील म्हणून मला झोप येत नाही, आणि तू मगरीच्या पाण्यात जाते?"

ताई म्हणाल्या, "मगरी जिना चढत नाहीत."

शेवटी मायलेकींचं ठरलं. ताई धडधाकट परत आल्या, तर केतकी घराचा विषय कायमचा बंद करणार. ताईंच्या चुकीने काही झालं, तर दारात 'फॉर सेल'ची पाटी. ताईंनी शब्द दिला, आणि शब्द दिला की ताई मोडत नाहीत.

सोबतीला आम्ही तिघं. मी, आमच्या गल्लीत राहणारी पुण्याची सॉफ्टवेअरवाली सुषमा, आणि आमचे हे. हे बस चालवायचे, आता रिटायर झालेत. जेवताना एखादा शब्द बोलतात, तोही "मीठ".

*

तिकडे आमचा गाइड होता काबो. उंच, हसरा, आणि आवाज असा हळू की लायब्ररीत वाढला असावा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "होडीत बसायचं. उभं राहायचं नाही. कधीच नाही." होडी एवढी अरुंद की माझा अर्धा भाग आत आणि अर्धा इंग्लंडमध्ये! एका होडीत पुढे दोन माणसं, मागे उभा राहून लांब काठीने ढकलणारा एक नावाडी. त्याला तेवढं उभं राहायची परवानगी.

काबोने आम्हा चौघांना नीट न्याहाळलं. मग यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "नवरा-बायको वेगवेगळ्या होडीत, प्लीज."

"का रे बाबा?"

"मॅडम, होडीला एक वजनदार माणूस झेपतो, दोन नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांना एवढं खुशीत हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हे पळत जाऊन सुषमाच्या होडीत बसले!

*

आता कुकर. मी माझा छोटा कुकर कपड्यात गुंडाळून नेला होता. सुषमा म्हणत होती, "मंदाताई, सगळं जेवण देतात तिकडे." देतात. पण वरण देतात का?

बेटावर तंबू लागले. काबोने सांगितलं, इथे आवाज करायचा नाही, समोरच्या पाण्यात हिप्पो राहतो. मी म्हटलं, मी कुठे आवाज करतेय? आणि निखाऱ्यांवर डाळ चढवली.

पहिली शिट्टी झाली. समोरून पाण्यातून उत्तर आलं, "हं हं हं हं!" दुसरी शिट्टी. पुन्हा उत्तर, या वेळी जवळून. नावाडी पोटं धरून हसत होते, काबो मात्र हसत नव्हता.

"मॅडम, तो विचारतोय, इथे नवीन कोण राहायला आलंय?"

"त्याला म्हणावं, तूरडाळ आहे. अजून एक शिट्टी झाली की गप्प होईल!"

काबोने कुकर उचलून खाली ठेवला. त्या दिवशी वरण कच्चं राहिलं. पण काबोनेच दोनदा मागून घेतलं.

*

सुषमाचा प्रश्न वेगळाच होता. काबोने तिच्या हातात फावडं दिलं आणि लांबच्या झुडपाकडे बोट दाखवलं. ती फावड्याकडे बघत राहिली. पुण्यात फ्लॅटला तीन बाथरूम असलेली पोरगी! "मंदाताई, याचं बटण कुठे असतं?" असं विचारायचंच बाकी होतं.

विजयाताईंनी तिच्या हातातून फावडं घेतलं. "चल, दाखवते. आमच्या गावाला हेच होतं. तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे. आता वाइल्डरनेस एक्स्पिरियन्स म्हणतात."

*

आणि तो हत्ती. दुपारची वेळ, मी तंबूमागे दोरीवर कपडे वाळत घालत होते. मागे वळले तर हा राखाडी डोंगर! माझ्या आणि बाकीच्यांच्या मधोमध. ताडाची फळं खायला आला होता. झाडाला डोकं लावायचा, ढुशी मारायचा, फळं खाली टपटप.

लांबून काबो म्हणाला, "मॅडम, हलू नका. बोलू नका."

मी हलले नाही. बोललेही नाही. हातात यांची ओली बनियन. हत्तीने एकेक फळ निवडून खाल्लं, भाजी बाजारात आल्यासारखं. आणि तिकडून विजयाताईंची कुजबुज स्पष्ट ऐकू आली,

"सुषमा, लवकर फोटो काढ! हत्तीचा नाही गं, मंदाचा! गप्प आहे बघ!"

*

शेवटच्या सकाळी काबो सांगत होता, ही नदी कुठल्याच समुद्राला मिळत नाही. लांबच्या डोंगरातून येते, इथे पसरते आणि वाळूत जिरून जाते.

ताई माझ्याच होडीत, माझ्यापुढे बसल्या होत्या. बराच वेळ पाण्यात हात घालून होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माहेराहून निघाली, आणि सासरी पोचलीच नाही."

त्यांनी पिशवी उघडली. आत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. वॉटफर्डहून आणलेलं!

"यजमान गेल्यापासून मला कुणी ओटी भरू देत नाही, मंदा. मंडळाच्या हळदीकुंकवाला मी भांडी विसळत असते. हिचीही कुणी भरली नसेल."

मला एवढा राग आला. नदीचा नाही, आमच्या मंडळातल्या बायकांचा. मी म्हटलं, "भरा ताई. बघू कोण अडवतंय!"

काबो बाजूच्या होडीतून म्हणाला, पाण्यात काही टाकायचं नाही, मॅडम. ताई म्हणाल्या, टाकत नाही, पाण्याला लावून परत घेते. काबोने मान डोलावली. ताईंनी कुंकवाचं बोट पाण्याला टेकवलं, नारळ खणावर ठेवला, आणि सरळ उभ्या राहिल्या!

"ताई, बसा!"

"बसून कुणी ओटी भरतं का?"

पुढचं मला पाण्याखालून आठवतं. पाणी छातीपर्यंतच होतं, पण मगरी कुठे छाती मोजून येतात! आमचे हे शेजारच्या होडीतून बुटांसकट पाण्यात. यांनी ताईंना उचललं, होडीत ठेवलं. मला म्हणाले, "तू ये." बघा, दोन शब्द!

ताईंचं मनगट सुजून पाव झालेलं. काबोने काठी लावून पट्टी बांधली. नारळ तरंगत होता, तो नावाड्याने आणून दिला. ताईंनी तो डाव्या हाताने कपाळाला लावला. तोंडावर वेदना होती, पण आनंदच जास्त होता. मग एकदम चेहरा पडला.

"केतकी," त्या म्हणाल्या.

*

केतकी शनिवारी आली. ताईंचा हात प्लास्टरमध्ये, किचनमध्ये आम्ही तिघं पोह्यांच्या बश्या घेऊन बसलेलो. ताईंनी आधी ठरवलं होतं, बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगायचं. सुषमाने कपाळावर हात मारला. "ताई, घरात पडलात म्हणालात तर आजच पाटी लागेल!"

त्यामुळे होडी उलटली, एवढंच सांगितलं.

केतकीने खुर्ची ओढली. "ओके. होडी अशी आपोआप उलटत नाही. आमच्या कारखान्यात प्रत्येक अॅक्सिडेंटला रूट कॉज असते. कोण उभी राहिली होती?"

ताई खरं बोलायला तोंड उघडत होत्या. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

सुषमा म्हणाली, "हिप्पो आला होता."

"हिप्पोने उलटवली असती तर तू इथे पोहे खात नसतीस, सुषमा. त्या नावाड्याची चूक होती? मी कंपनीला आजच ई-मेल करते."

"खबरदार!" मी म्हटलं. "त्या माणसाने मगरीच्या पाण्यातून नारळ आणून दिला. त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही."

"मग कोण, मंदामावशी? मम्मी स्वतःच उभी राहिली असेल, तर तिचं डोकं चालत नाही, आणि मी तिला आजच घेऊन जाणार. तुम्ही त्याच होडीत होता. तुम्ही सांगा."

ताईंच्या डोळ्यांत पाणी. खिडकीबाहेर त्यांचा कढीपत्ता कुंडीत हलत होता. आमच्या यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. आणि हळूच मान हलवली.

मी म्हटलं, "आमचे हे उभे राहिले होते."

"मला नीट नाव सांगा, मावशी. मम्मी, तू बोलू नको. मावशी, पूर्ण जबाबदारीने सांगा. होडी कोणी उलटवली?"

लग्न झाल्यापासून मी ते नाव घेतलेलं नाही. डॉक्टरच्या रिसेप्शनला विचारलं तरी यांनाच पुढे ढकलते. डोक्यावर घ्यायला पदर नव्हता, शाळेची हूडी होती. तिची टोपी पुढे ओढली, केतकीच्या डोळ्यांत डोळे घातले, आणि मोठ्याने म्हटलं,

"दत्तात्रय."