ओटीपीची मुदत

सरकारचा शेतकरी हप्ता चार महिन्यांनी माझ्या खात्यात येतो, पण तो आल्याचा निरोप यायचा लेकीच्या फोनवर. नोंदणी केली तेव्हा माझ्याकडे धड फोन नव्हता, म्हणून तिनेच स्वतःचा नंबर दिलेला. ती राहते बाळकुमला, उंच टॉवरात. मी आंबिवलीजवळ, दोन सोसायट्यांच्या मधे उरलेल्या भाताच्या खाचराशेजारी. बायको गेल्यापासून घरात आवाज करतो तो कुकर.

निरोप आला की लेक फोन करायची. “बाबा, हप्ता आला हं.” मग गुडघा कसा आहे, भात लावून झाला का, सगळं विचारायची. एरवीही तिचा फोन यायचा, नाही असं नाही, पण तो कुठेतरी जाता जाता. हा फोन मात्र निवांत असायचा. सरकारी काम ना!

मधेच फर्मान निघालं, केवायसी करा. माझा अंगठा यंत्र घेईना. जन्म चिखलात गेल्यावर अंगठ्यावर रेषा राहतात कुठे? स्टेशनाजवळच्या ई-सेवा केंद्रातल्या बाई म्हणाल्या, “काका, ओटीपीने करू. मुलीला फोन लावा.”

लेकीने आकडे सांगितले, पण मला चष्मा सापडेपर्यंत मुदत संपली. “परत पाठवायला सांगा, मी आहे फोनवर,” ती म्हणाली, आणि तेवढ्या वेळात नातीचा दात कसा पडला ते सांगून खळखळून हसली. किती दिवसांनी ऐकलं मी ते हसू!

तिथून माझं डोकं चालायला लागलं. हप्ता कुठे अडकलाय हे बघायलाही ओटीपी लागतो. मग मी उगाचच केंद्रात जायचो, लेकीला फोन लावायचो आणि मुदत संपेपर्यंत शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बसायचो. बाईंना सगळं कळत होतं. “गेला बघा काका, अजून एकदा मागवते,” एवढंच म्हणायच्या. देव त्यांचं भलं करो.

पण अति तिथे माती. एका शनिवारी लेक स्वतःच आली, माझ्यासाठी नवा फोन घेऊन. मी सकाळपासून वाल सोलून बिरडं केलेलं. ती आधी मला केंद्रातच घेऊन गेली. “बाबांची फार फजिती होते हो. त्यांचाच नंबर टाका.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काम चुटकीसरशी झालं. नातीला वर्तकनगरला क्लासला सोडायचं होतं, म्हणून बिरडं डब्यात घेऊन लेक तशीच निघाली. तिला स्टेशनावर पोचवून घरी आलो तेव्हा फार एकटं वाटलं. चूक तिची नव्हती, म्हणून रागही कुणावर काढता येईना.

पुढचा हप्ता आला तेव्हा मी बांधावर होतो. खिशात फोन वाजला. वाटलं, तीच. काढून बघतो तर निरोप. मग मीच तिला फोन लावला.

“अगं, हप्ता आला.”

“आला ना? बघा बाबा, आता माझी गरजच नाही तुम्हाला!” ती मनापासून खूश होती.

“हो ना,” मी म्हटलं. ओटीपी नव्हता, त्यामुळे तिला थांबवायला काही कारणही नव्हतं.