आरशाचं कोणी विचारलं नव्हतं

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत मास्तरांना चुकीचं इंग्रजी ऐकवत नसे. शेजारच्या लग्नपत्रिकेतली चूकसुद्धा ते आहेर देताना हळूच दाखवत.

क्रियापद शिकवताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे कोण करतं? माणूस की वस्तू?" 'इन्क्रिमिनेट' मी त्यांच्याकडूनच शिकलो. "आई म्हणते, श्रीखंड तू खाल्लंस. हे अक्यूज. आई चुकू शकते. पण तुझ्या ओठाला लागलेलं श्रीखंड तुला इन्क्रिमिनेट करतं. ते बोलत नाही, पण संशय तुझ्याकडे वळवतं. गुन्हा सिद्ध झाला असं मात्र नाही हं!"

मी पुढे एका वकिलांच्या ऑफिसात लागलो. मास्तरांचा एकुलता एक मुलगा मिलिंद कुठल्याशा कंपनीत होता. एका सकाळी पोलीस मास्तरांच्या दारात आले. आदल्या संध्याकाळी ठाकूरद्वारला एका फुलवाल्या बाईंना स्कूटरने उडवलं होतं आणि चालवणारा थांबला नव्हता. बाई हॉस्पिटलात वारल्या.

"काका, काल तुमची स्कूटर कोणी नेली होती?"

"मिलिंदने," मास्तर म्हणाले. "आला तेव्हा डावा आरसा तुटलेला होता. खांबाला लागला म्हणाला."

आरशाचा तुकडा पोलिसांना रस्त्यावर सापडलेला होता. आतल्या खोलीतल्या मिलिंदला ते घेऊन गेले.

"आरशाचं तुम्हाला कोणी विचारलं होतं?" काकू एवढंच म्हणाल्या.

जामिनावर सुटल्यावर मिलिंद डोंबिवलीला खोली घेऊन राहिला. चाळीतले लोक खरेपणाचं कौतुक करायला येत, तेव्हा मास्तर दार लोटून घेत. एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवलं. "मी आरोप नव्हता रे केला. पण इन्क्रिमिनेट केलं ते मीच. बापाचं बोलणं मागे घेता येतं का?"

"मास्तर, तुम्हाला साक्षीला बोलावतील. कोर्टात पुन्हा सांगावं लागेल."

"पुन्हा?" त्यांनी कठडा घट्ट धरला.

साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, "हो. तुटलेला होता." मिलिंद खाली बघत राहिला. पुढे त्याला शिक्षा झाली. ती ऐकायला मास्तर हयात नव्हते.

साक्ष झाली त्या दिवशी ते कोर्टाच्या फाटकापाशी मिलिंदची वाट बघत उभे होते. तो समोरून गेला, थांबला नाही. मी त्यांना टॅक्सीत बसवलं.

"किती बारीक झालाय रे," ते म्हणाले. "जेवतो कुठे, तुला काही ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं.