खुनी ठरेपर्यंत नीलम्मांचा हंडा पुढे

दुष्काळाच्या त्या वर्षी उदगीरला आमच्या गल्लीत टँकर यायचा. कधी यायचा, ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. बायका हंडे ओळीत मांडून बसत. सगळ्यांत पुढे हंडा नीलम्मांचा, कारण टँकर येईस्तोवर त्या पुस्तक वाचून दाखवत. टीव्हीवरच्या एका रहस्यमालिकेवरून निघालेली पातळ पुस्तकं, वर टोपीवाल्या इन्स्पेक्टरचा फोटो. त्यांचे यजमान गुरुपादप्पा, किराणा दुकानवाले, ती स्टँडवरून आणत.

गल्लीत टीव्ही एकच, विमल मास्तरणींकडे. पण इन्स्पेक्टरनं बोट उचलून "खुनी आहे..." म्हटलं की लाइट गेलीच! उरलेला खून मग नीलम्मा टँकरच्या ओळीत उरकत.

हवेलीतल्या शेठजीचा खून असाच अंधारात राहिला. नीलम्मांनी पुस्तक संपवून जाहीर केलं, "मुनीम!" बायका तृप्त झाल्या. तेवढ्यात विमल मास्तरीण लातूरहून परतल्या. लातूर नुकताच जिल्हा झालेला. तिथली लाइटसुद्धा जिल्ह्याच्या रुबाबात राहायची.

"काकू, मुनीम नाही हो, डॉक्टर! भावाकडे अख्खा भाग पाहिला मी."

"आगं, छापलंय इथं!"

"म्हंजी आम्हाला खोटं वाचून दावलं?" मागच्या हंड्याच्या कमलम्मा उठल्या, नीलम्मांचा हंडा ओढत म्हणाल्या, "घ्या हंडा मागं."

मागं म्हणजे टँकरच्या बुडातला गाळ. नीलम्मा घाबऱ्याघुबऱ्या पानं उलटू लागल्या. प्रत्येक पानावर मुनीमच.

"पण डॉक्टरनं तर शेठजीची नाडी बघितली की गं!"

"मेला का न्हाई ते बघाया!" कमलम्मा म्हणाल्या.

नीलम्मांनी पुस्तक मिटलं. त्या म्हणाल्या, "कमल, मी लग्न होऊन ह्या घरात आले तवा जिल्हा बिदर. थोरला झाला तवा उस्मानाबाद. आता लातूर. घर हललं का?"

"न्हाई."

"मग! शेठजीबी जिथल्या तिथं पडलाय. खुनी बदलला त्याला मी काय करू?"

नेमकं काय पटलं ते कुणालाच सांगता येईना, पण खोडूनही काढता येईना. कमलम्मांनी हंडा परत पुढे सरकवला. "बरं, ऱ्हाऊ द्या. पण दोघांतला खरा कोन ते ठरवा आधी."

नीलम्मांनी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा धरलं. संध्याकाळी भाकरी वाढताना यजमानांपुढे घोळ मांडला. गुरुपादप्पांनी पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "मला तर शेठजीच्या सुनेवर संशय हाय."

नीलम्मांची पुढची भाकरी तव्यावरच राहिली, करपेपर्यंत.

पुढं टँकर बंद झाले, नळाला पाणी आलं, हंड्यांची ओळ मोडली. तरी परवा भाजीबाजारात नीलम्मांनी मला अडवलंच. हातात मेथीची जुडी, कपाळाला आठ्या.

"तू शिकलेला हायस, सांग बरं. सून सैपाकघरात होती. मग डॉक्टरला बोलावलं कुनी?"

मी अजून विचार करतोय.