चार बदली ट्रान्झिस्टर

"मावशी, तुला जमेल का गं?" असं विचारणाऱ्याला मी सहसा चहा देत नाही. पण विचारणारी माझी सख्खी भाची होती आणि तोंड एवढंसं झालेलं. म्हणून चहा दिला, वर शंकरपाळेही दिले.

तिचं दुखणं असं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पाच जणांचा त्यांचा बँड, आणि शनिवारी पहिलाच कार्यक्रम. एका गाण्यात तिचा एकटीचा गिटारचा तुकडा होता. त्यासाठी तिला फझ पेडल हवं होतं. म्हणजे पायाने दाबायचा छोटा डबा. दाबला की गिटारचा साधा सूर जाडजूड, खरखरीत होतो. सर्किटचा कागद तिने इंटरनेटवरून काढला होता, पण त्यातले चार ट्रान्झिस्टर परदेशी नंबरचे, यायला तीन आठवडे. हातात दिवस सहा.

अगं, बत्तीस वर्षं मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काढली, ती काय खुर्च्या पुसायला? कागद घेतला आणि बुधवार पेठेतलं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान गाठलं.

दुकानदाराने यादी पाहिली. "हा नंबर नाही."

"कधी येईल?"

"येणार नाही."

"मग याच्याऐवजी काय चालेल?"

"ते बनवणाऱ्याला माहीत पाहिजे."

असा राग आला म्हणून सांगू! पण बोलला ते खरंच होतं. तिथेच काउंटरपाशी चष्मा चढवला आणि डोकं चालवलं. आपल्याकडे कुठेही मिळणारा बीसी ५४९ नंबरचा ट्रान्झिस्टर घेतला, ताकद साधारण तेवढीच. एकोणचाळीस किलो-ओहमचा रेझिस्टर नव्हता, तर अठरा आणि बावीस एकापुढे एक जोडायचे ठरवले, झाले चाळीस. जायफळ संपलं म्हणून कोणी पुरणपोळी रद्द करत नाही, वेलची घालतात.

गुरुवारी संध्याकाळी डबा तयार झाला. भाची बिबवेवाडीला घरी आली, गिटार जोडलं, बटण दाबलं. कानाशी डास गुणगुणावा एवढा आवाज आला. बस्स.

"राहू दे मावशी," ती हळूच म्हणाली, "मित्राकडे कंपनीचं पेडल आहे, ते मागते."

ती चिडली असती तर परवडलं असतं. तिच्या त्या समजूतदारपणाने मला जास्त लागलं.

ती गेल्यावर भिंग घेऊन बसले आणि कपाळावर हात मारला. कागदावरच्या चित्राप्रमाणे मी ट्रान्झिस्टर बसवले होते, पण ते चित्र परदेशी ट्रान्झिस्टरचं. त्याचे पाय डावीकडून ज्या क्रमाने येतात, आपल्याचे बरोबर उलट. "आधी पाय बघा, मग लावा," असं म्हणून पहिल्या वर्षाच्या किती पोरांना मी फैलावर घेतलं होतं! स्वतः मात्र बघितलं नाही. शहाणी ती मी! चारही काढले, तोंड फिरवून पुन्हा बसवले.

शुक्रवारी भाचीला ऑफिसातून थेट घरीच बोलावलं. आता आवाज आला, पण कसा, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. "तू वाजवत राहा, मी बदलते," म्हटलं आणि कर्कशपणा कापणारा छोटा कपॅसिटर बदलत गेले. कागदावरच्या आकड्याकडे बघितलंच नाही, नुसते कान लावले. तिसरा लावला आणि ती पाच मिनिटं रंगून वाजवत राहिली.

तरी जाताना म्हणाली, "उद्या मित्राचं आणि हे, दोन्ही नेते हं." मी म्हटलं, "ने की." मनात म्हटलं, बघू.

शनिवारी मी तिसऱ्या रांगेत. कार्यक्रमाआधी तिने मंचावर आधी मित्राचं पेडल दाबून बघितलं, मग माझं. मग खाली वाकली, मित्राच्या पेडलची वायर काढली आणि ते बॅगेत टाकलं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तिचा तुकडा सुरू झाला, सूर छातीत घुमला आणि मी ताडकन उभी राहिले. मागे वळून एका गृहस्थांना सांगितलं, "तो डबा मी केलाय!"

"उत्तम," ते म्हणाले. "पण तुमच्या आरपार दिसत नाही. बसा."

मी नाही बसले.